हिऱ्यामागचा काळोख

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शन सुरू झाले. लोखंड आणि काच यांनी उभारलेल्या त्या प्रचंड इमारतीत एका सोनेरी पिंजऱ्यात कोहिनूर ठेवला होता. मार्च १८४९ मध्ये पंजाबचे राज्य खालसा झाले, तेव्हा दहा वर्षांच्या महाराजा दलीपसिंगांकडून तहाच्या कलमान्वये हा हिरा काढून घेण्यात आला होता. जुलै १८५० मध्ये तो व्हिक्टोरिया राणीच्या हाती पडला. त्याची कीर्ती त्याच्याआधीच लंडनला पोहोचली होती, त्यामुळे पिंजऱ्यापुढे लोकांची रीघ लागली. जवळून पाहणाऱ्यांची मात्र घोर निराशा झाली. हिरा लखलखत नव्हता. साध्या काचेच्या तुकड्यापेक्षा यात वेगळे ते काय, असा सूर उमटू लागला.

आयोजकांनी मग हिऱ्याभोवती गॅसचे दिवे आणि छोटे आरसे बसवले. तेवढ्याने भागेना, म्हणून कापडाचा आडोसा उभारून त्याच्याभोवतीचा दिवसाचा उजेडच अडवला. त्या कोंदट, तापलेल्या अंधारात शिरलेल्या प्रेक्षकाला हिऱ्यातून थोडीफार चमक दिसू लागली. हिरा तोच होता. बदलला होता तो त्याच्या मागचा आणि आजूबाजूचा परिसर.

हाताने पैलू पाडलेल्या रत्नाचे छायाचित्र घेणाऱ्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. रत्नामागे काय ठेवावे, पांढरा कागद की काळी मखमल, हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रकाशविज्ञानाचा आहे, आणि त्याचा इतिहास गोवळकोंड्यापासून बंगळूरच्या प्रयोगशाळेपर्यंत पसरलेला आहे.

रत्न म्हणजे आरशांची पेटी

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे आणि साध्या काचेचा सुमारे १.५. या फरकाचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, हिऱ्याच्या पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १७ टक्के प्रकाश तेथूनच परततो. काचेच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम ४ टक्के असते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. आत शिरलेला किरण एखाद्या पैलूवर लंबाशी २४.४ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. काचेसाठी हा क्रांतिक कोन ४२ अंशांच्या आसपास असतो. म्हणून हिऱ्यात प्रकाश सहज अडकतो, मागच्या पैलूंवरून उलटतो आणि पुन्हा समोरून बाहेर येतो.

याचा अर्थ असा की, रत्नाचा प्रत्येक पैलू हा एक छोटा आरसा असतो आणि त्यात दिसते ते रत्नाच्या भोवतीचे जग. भोवतालचे जग सर्व बाजूंनी सारखेच पांढरे असेल, तर सगळ्या आरशांत पांढरेच दिसणार. मग पैलूंच्या कडा एकमेकांत विरघळतात आणि रत्न बर्फाच्या खड्यासारखे निर्जीव दिसते. काचेच्या छताखाली, चोहोबाजूंनी पाझरणाऱ्या विखुरलेल्या उजेडात ठेवलेल्या कोहिनूरचे काहीसे असेच झाले असले पाहिजे.

हिऱ्यातील इंद्रधनुषी ठिणग्यांचेही असेच आहे. निरनिराळ्या रंगांचे किरण हिऱ्यात थोड्या वेगळ्या कोनांत वळतात आणि त्यामुळे पांढरा प्रकाश फुटतो. पण प्रकाशाचा उगम विस्तीर्ण असेल, तर त्याच्या एका भागातून आलेला तांबडा किरण आणि दुसऱ्या भागातून आलेला निळा किरण डोळ्यात एकत्र पोहोचतात आणि पुन्हा पांढरा रंग तयार होतो. ठिणगी दिसायला हवी असेल, तर उगम लहान हवा आणि त्याच्याभोवती अंधार हवा. म्हणूनच देवघरातल्या समईच्या उजेडात कानातली कुडी जशी चमकते, तशी ती ढगाळ दुपारी अंगणात चमकत नाही.

दिवट्याचा कोनाडा आणि झाडाची सावली

हे सारे गणित मांडले जाण्यापूर्वीच व्यवहारात उतरलेले होते. फ्रेंच जवाहिऱ्या झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये याने सतराव्या शतकात अनेकदा पूर्वेकडे प्रवास केला, दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणी पाहिल्या आणि १६७६ मध्ये आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्याने एक लक्षणीय निरीक्षण नोंदवले आहे. युरोपातील जव्हेरी हिऱ्याचे पाणी आणि दोष दिवसाउजेडी पाहत; इकडचे व्यापारी मात्र ते रात्री पाहत. भिंतीतल्या फूटभर कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून, हिरा बोटांच्या चिमटीत धरून ते त्याची परीक्षा करत. निळसर झाक ओळखणे सर्वांत अवघड. त्यासाठी ते हिरा दाट पानांच्या झाडाखाली नेत आणि त्या हिरव्या सावलीत तो निरखत.

आजच्या भाषेत सांगायचे, तर त्या व्यापाऱ्यांनी प्रश्नानुसार पार्श्वभूमी निवडली होती. दोष पाहायचे असतील, तर काळोखात एकच दिवा. छटा पाहायची असेल, तर ठरावीक रंगाचा मंद परिसर. डोळा भोवतालच्या रंगाशी जुळवून घेतो आणि त्या रंगापासून किंचित ढळलेली छटा त्याला चटकन जाणवते. आजच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळांत हिऱ्याचा रंग ठरवताना तो पांढऱ्या तबकात पालथा ठेवतात आणि बाजूने पाहतात, कारण समोरून पाहिल्यास आतल्या परावर्तनांच्या गर्दीत मूळ छटा झाकली जाते. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले.

ताव्हर्नियेने भारतीय कारागिरांच्या पैलू पाडण्याच्या रीतीबद्दलही लिहिले आहे. खडा निर्दोष असेल, तर वजन घटू नये म्हणून ते त्याला चाकावर जेमतेम झिलई देत. दोष असेल, तर तो झाकण्यापुरते अनेक छोटे पैलू पाडत. या रीतीत वजनाला मान होता. तळ सपाट ठेवलेल्या अशा खड्यात समोरून सरळ शिरलेला प्रकाश तळावर क्रांतिक कोनापेक्षा लहान कोनात पडतो आणि बराचसा मागून निसटून जातो. त्यावर कुंदनकामाने उत्तर शोधले. खड्यामागे चकचकीत वर्ख बसवायचा आणि सभोवती शुद्ध सोने दाबून कोंदण बंद करायचे. निसटणारा प्रकाश वर्खावरून परततो आणि सपाट पोलकीही उजळते. इटालियन सोनार बेन्वेनुतो चेल्लिनी याने १५६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रत्नांमागे वर्ख बसवण्याची, तसेच हिऱ्यामागे दिव्याच्या काजळीपासून केलेला रंग लावण्याची कृती दिली आहे. तात्पर्य, छायाचित्रणाचा जन्म होण्यापूर्वी पार्श्वभूमी दागिन्याच्या आतच बसवलेली असे.

जे पुन्हा जोडता येत नाही

लंडनमधील निराशेनंतर दोन मार्ग होते. हिरा ज्या परिसरासाठी घडवला होता, तो परिसर समजून घ्यायचा. किंवा हिराच बदलायचा. रणजितसिंग कोहिनूर बाजूबंदात वापरत. दरबारात हलत्या दंडावर दिसणारा हिरा आणि पिंजऱ्यात अचल पडलेला हिरा यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशात मोठे अंतर असते. तथापि दुसरा मार्ग निवडला गेला.

त्यापूर्वी शास्त्रज्ञांचा सल्ला घेण्यात आला. त्यांत प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरील संशोधनासाठी आणि कॅलिडोस्कोपच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले डेव्हिड ब्रूस्टर होते. त्यांनी हिरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. आत सूक्ष्म पोकळ्या असून नवे पैलू पाडताना त्या अडचणीच्या ठरतील, हे त्यांच्या लक्षात आले. जुलै १८५२ मध्ये काम सुरू झाले. ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीचे कारागीर लंडनला आणले गेले, वाफेच्या यंत्रावर चालणारे चाक बसवले गेले, आणि ८३ वर्षांच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या हस्ते पहिला पैलू पाडण्यात आला. अडतीस दिवस काम चालले. खर्च झाला ८,००० पौंड. सुमारे ३८ ग्रॅमचा हिरा सुमारे २१ ग्रॅमचा झाला. चाळीस टक्क्यांहून अधिक हिरा धूळ होऊन गेला.

महाराष्ट्राच्या वाचकांना याच वाटेने गेलेला आणखी एक हिरा आठवेल. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडलेला आणि पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती लागलेला ‘नासक’ हिराही परदेशात एकाहून अधिक वेळा नव्याने घडवला गेला. १९४० मध्ये त्याला आजचे रूप मिळाले, तेव्हा त्याचे वजन ४३.३८ कॅरट उरले होते.

नव्या घडणीचे हिरे अधिक चमकतात, यात शंका नाही. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी हिऱ्याच्या कोनांचे गणित मांडले आणि जास्तीत जास्त प्रकाश समोर परतवणारी घडण कशी असावी, हे दाखवून दिले. परंतु हाताने पाडलेले जुने पैलू हा एक दस्तऐवजही असतो. कारागिराने कोठे वजन राखले, कोठे दोष टाळला, कोणता उजेड डोळ्यांपुढे ठेवला, हे त्या किंचित वाकड्या, असमान पैलूंत लिहिलेले असते. कोहिनूरचा तो दस्तऐवज १८५२ मध्ये पुसला गेला. आज त्याच्या मूळ रूपाचा अभ्यास करायचा, तर रेखाचित्रे आणि प्लास्टरच्या ठशावर भिसार ठेवावी लागते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील अशा ठशाचे लेझरने मोजमाप घेऊन अलीकडे मूळ कोहिनूरची प्रतिकृती घडवण्यात आली.

छायाचित्रण तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते, पण रत्नांची साक्ष देण्यास ते फारसे समर्थ नव्हते. त्या काळच्या काचपट्ट्या मुख्यतः निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. माणिक त्यांत काळे दिसे आणि नीलम फिके. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून काचपट्टीला इतर रंगांची जाण देता येते, हे दाखवले. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

बंगळूरच्या अंधाऱ्या खोलीत

रत्नाचे चित्र घेण्यासाठी सर्वांत गडद पार्श्वभूमी भारतात वापरली गेली ती दागिन्यासाठी नव्हे. १९३० मध्ये सी. रामस्वामी यांनी हिऱ्याच्या रामन वर्णपटातील ठळक रेषा नोंदवली. तिचे स्थान १३३२ प्रति सेंटिमीटर हे आजही हिऱ्याची ओळखखूण मानले जाते. १९४० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हिऱ्यांवर मोठा अभ्यास हाती घेतला. भारत आणि आफ्रिका येथील सुमारे तीनशे हिरे त्यांच्या संग्रही होते आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थी हिऱ्याच्या कोणत्या ना कोणत्या गुणधर्मावर काम करत होते.

त्या विद्यार्थ्यांत ॲना मणी होत्या. त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे १९१८ मध्ये त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या देऊ केल्या, तेव्हा त्यांनी त्या नाकारून ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चे खंड मागितले होते. पुढे विशीत त्यांच्या हाती हिरे आले, ते प्रयोगासाठी.

काही हिऱ्यांवर अतिनील प्रकाश टाकला की ते स्वतः निळसर किंवा हिरवट प्रकाश देतात. हा प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा आहे, हे शोधण्यासाठी मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट काचपट्ट्यांवर टिपले. हिरे द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करावे लागत, कारण थंडीत वर्णपटातील रेषा रेखीव होतात. काही हिऱ्यांची दीप्ती इतकी क्षीण होती की, एका नोंदीसाठी पंधरा ते वीस तास पट्टी उघडी ठेवावी लागे. एवढ्या वेळात कोठूनही भलताच उजेड झिरपला, तर पट्टी काळवंडायची आणि रात्रभराचे काम वाया जायचे. कित्येकदा त्या रात्र रात्र प्रयोगशाळेतच काढत. हे छायाचित्र हिऱ्याच्या रूपाचे नव्हते. त्याच्या आतून येणाऱ्या प्रकाशाचे होते, आणि त्याला पार्श्वभूमी म्हणून निव्वळ काळोखच चालत होता.

त्यांच्या नोंदींत दोन रेषा ठळक होत्या. निळ्या दीप्तीची रेषा ४१५ नॅनोमीटरच्या जवळ आणि हिरव्या दीप्तीची ५०३ नॅनोमीटरच्या जवळ. या रेषांमागचे कारण तेव्हा ज्ञात नव्हते. हिऱ्यात नायट्रोजनचे अणू मोठ्या प्रमाणावर असू शकतात, हे कायझर आणि बाँड यांनी १९५९ मध्ये दाखवले. त्यानंतर उलगडत गेले की, निळी रेषा एका रिकाम्या जागेभोवती जमलेल्या तीन नायट्रोजन अणूंची आहे आणि हिरवी रेषा रिकाम्या जागेलगतच्या दोन नायट्रोजन अणूंची. हिऱ्यांच्या रचनेविषयी रामन यांनी मांडलेले काही सिद्धान्त पुढे टिकले नाहीत. काचपट्टीवर टिपलेल्या रेषा मात्र टिकल्या.

१९४२ ते १९४५ या काळात मणी यांचे पाच शोधनिबंध केवळ त्यांच्या एकटीच्या नावाने प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही, हे कारण देण्यात आले. बी.एस्सी. ऑनर्सच्या बळावर भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेली व्यक्ती तीन वर्षे स्वतंत्र संशोधन करते, पाच निबंध लिहिते आणि तरीही पदवीस अपात्र ठरते. प्रबंधाची बांधणी केलेली प्रत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या रांगेतच राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात आणि शेजारच्या प्रबंधांत काही फरक दिसत नाही.

मणी इंग्लंडला गेल्या, हवामानशास्त्रीय उपकरणांत पारंगत झाल्या आणि १९४८ मध्ये परतल्यावर पुण्यात भारतीय हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारण्यात आणि त्यांची उपकरणे देशातच तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. अंधाऱ्या खोलीत हिऱ्याचा क्षीण प्रकाश मोजणारी व्यक्ती पुढे भारतावर पडणारा सूर्यप्रकाश मोजू लागली. डॉक्टरेट त्यांना मिळाली नाही. तिच्यावाचून काही अडलेही नाही, असे त्या मानत.

पांढरा कागद खोटे बोलतो तेव्हा

आज हा इतिहास पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम सुरतेत होते आणि त्यांत आता प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही आले आहेत. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या संशोधनासाठी निधी जाहीर झाला आणि मद्रासच्या आयआयटीत त्यासाठी केंद्र उभे राहिले. खाणीतला हिरा आणि प्रयोगशाळेतला हिरा यांत कार्बन तोच, अपवर्तनांक तोच, चमकही तीच. नुसत्या डोळ्यांना ते वेगळे ओळखता येत नाहीत.

ओळख पटते ती काळोखात. लघुतरंगी अतिनील प्रकाशाखाली हिऱ्याच्या पृष्ठभागाची दीप्ती टिपली की, त्याच्या वाढीचा इतिहास उमटतो. खाणीतल्या हिऱ्यांत बहुधा झाडाच्या वर्षवलयांसारखे थर दिसतात. प्रचंड दाब आणि तापमान वापरून केलेल्या हिऱ्यांत वाढीचे कप्पे क्रुसासारख्या आकृतीत दिसतात, तर वायूपासून थर साचवून वाढवलेल्यांत अनेकदा बारीक समांतर रेघा दिसतात. रामन यांच्या प्रयोगशाळेतही हिऱ्यांच्या पातळ तबकड्यांवरील दीप्तीच्या आकृत्यांची छायाचित्रे घेतली जात. तेव्हाच्या शुद्ध जिज्ञासेचा आज ग्राहकाच्या फसवणुकीविरुद्ध उपयोग होत आहे.

येथे पार्श्वभूमीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बाजारातील पांढऱ्या कागदात तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाशात स्वतःच निळी चमकतात. त्यांच्यावर ठेवलेल्या हिऱ्याची क्षीण दीप्ती त्या निळाईत बुडून जाते; किंबहुना दीप्ती नसलेला हिराही कागदाचा निळा प्रकाश परावर्तित करून खोटी साक्ष देतो. ज्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करायचा असेल, त्यांनी आधी रत्नाविना रिकाम्या पार्श्वभूमीचे छायाचित्र घ्यावे. ते पूर्ण काळे आले, तरच पुढच्या छायाचित्राला अर्थ आहे. आणि अतिनील दिव्याकडे संरक्षक चष्म्याशिवाय कधीही पाहू नये.

साध्या उजेडातही हीच दक्षता उपयोगी पडते. हाताने घडवलेल्या माणकात किंवा नीलमात तळाचे पैलू उथळ असतील, तर मध्यभागातून आरपार दिसते. मागे खड्याच्याच रंगाचा कागद ठेवला, तर हा दोष लपतो. मागे रेघा किंवा अक्षरे असलेला कागद ठेवला, तर तो उघड होतो. काळ्या मखमलीवर कडा आणि ठिणग्या खुलतात, पण गडद खडा तिच्यात हरवतो. राखाडी पार्श्वभूमी रंगाशी सर्वांत प्रामाणिक असते. म्हणून रत्नाचे एकच छायाचित्र अपुरे असते. निदान दोन पार्श्वभूमींवरची चित्रे शेजारी ठेवली की खडा स्वतःविषयी बोलू लागतो.

गोवळकोंड्याचा व्यापारी एकाच हिऱ्यासाठी कोनाड्यातला दिवा आणि झाडाची सावली अशा दोन्हींकडे जात असे, ते याचसाठी. लंडनने एकाच प्रकारच्या उजेडावरून निकाल दिला आणि चाळीस टक्के हिरा गमावला. मद्रासच्या विद्यापीठाने एका पदवीच्या अभावावरून निकाल दिला. तीसहून अधिक हिऱ्यांच्या काचपट्ट्या त्याने जमेस धरल्या नाहीत. कोहिनूरची धूळ परत येणार नाही. तो प्रबंध मात्र अजून वाचता येतो.